चार वेळा पुसले जाणारे पेज
आमच्या छोट्या कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातला), ६४-बिट आर्म प्रोसेसरवर पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, शून्य करणारा कोड मी तपासायला घेतला तेव्हा सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होत होत्या, तरीही ४०९६ बाइटच्या पेजसाठी लूप ६४ ऐवजी २५६ वेळा फिरत होता. 'डीसी झेडव्हीए' ही मेमरीचा एक ब्लॉक शून्यांनी भरणारी प्रोसेसरची सूचना एका वेळी किती जागा पुसते, हे प्रोसेसरमधल्या एका रजिस्टरच्या खालच्या ४ बिटांत २ च्या घातांकाच्या रूपात असते. पण तो घातांक बाइटांचा नसून ४ बाइटांच्या शब्दांचा असतो, आणि नेमकी इथेच गफलत झाली होती. आमच्याकडे तो ४ होता, म्हणजे १६ शब्द, अर्थात ६४ बाइट. कोडने १६ बाइटच धरल्यामुळे लूप दर वेळी तेवढाच पुढे सरकत होता आणि प्रत्येक ब्लॉक चारदा पुसला जात होता. आकार काढताना त्या घातांकाइतके बिट डावीकडे सरकवली जाणारी मूळ संख्या १ ऐवजी ४ केली. ही सूचना वापरण्यास मनाई असल्याचे सांगणारा शेजारचा बिटही आता आधी पाहिला जातो.