झाडीपट्टीच्या मंचावर रॉक अँड रोलची रात्र: तयारी

झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, धान घरात येऊन मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस सुरू झाले की गावच्या जुन्या नाटकाच्या मंचावर एक रात्र रॉक अँड रोलच्या, म्हणजे 1950 च्या दशकातल्या अमेरिकी नाचऱ्या संगीताच्या, जुन्या कलावंतांना मानवंदना द्यायची, असं मंडळात ठरलं असेल तर आधी तारीख पक्की करा. शेजारच्या गावात नाटक किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असेल तो दिवस टाळा, कारण प्रेक्षक तेच आहेत. उघड्यावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. 12 पर्यंत सूट असलेला दिवस मिळतो का, ते तहसीलमध्ये विचारा. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याचं पत्र हाती आल्याशिवाय पोस्टर छापू नका. गाणी दुसऱ्यांची आहेत, म्हणून आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था, तिचा परवानाही बघून ठेवा.

खरी मेहनत वाजवणाऱ्यांवर घ्या. ट्रॅक लावून गाणं अजिबात नको. आपल्या भागातला माणूस मंचासमोरचा ऑर्गन-तबला ऐकत मोठा झालाय, त्याला जिवंत वाद्य लगेच कळतं. ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक पॅडऐवजी पूर्ण ड्रमसेट भाड्यानं आणा. वडसा-ब्रह्मपुरीकडे नाही मिळाला तर नागपूरहून आणा, पण आणाच. या संगीताचा जीव चार ठोक्यांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर आहे, आणि स्नेअर या कडक वाजणाऱ्या ड्रमचा तो सणसणीत आवाज पॅडमधून तसा येत नाही. भजनात आपली टाळी समेवर पडते, इथे ती 2 आणि 4 वर हवी. म्हणून तालमीला दहा-बारा पोट्टे समोर बसवून टाळी बसवून घ्या. कार्यक्रमाच्या रात्री बाकीचं पब्लिक त्यांच्या मागे जाईल. पेटी-कीबोर्डवाल्याला बारा बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) कॉर्डचा आराखडा पाठ करायला सांगा: सी मध्ये वाजवत असाल तर चार बार सी, दोन एफ, दोन सी, मग एक जी, एक एफ आणि शेवटी दोन सी. निम्मा कार्यक्रम याच चौकटीवर उभा राहतो.

यादीत नुसता एल्विस प्रेस्ली नको. चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर गाणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्पपासून सुरुवात करा, मग फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड, चक बेरी. काळ्या कलावंतांनी हे घडवलं, हे निवेदकानं मराठीत, दोन-तीन वाक्यांत सांगितलंच पाहिजे. बडी हॉली 3 फेब्रुवारी 1959 ला विमान अपघातात गेला तेव्हा 22 वर्षांचा होता. त्याच्या गाण्याआधी तेवढं सांगितलं तरी लोक कान देऊन ऐकतील. मध्यंतरानंतर सी. रामचंद्रांचं 1957 चं ‘ईना मीना डीका’ ठेवा. आपल्या मराठी माणसानं ही चाल हिंदीत कशी खेळवली, ते म्हाताऱ्यांनाही लगेच ओळखू येईल.

आता वीज. इथे हलगर्जी करायचीच नाही. अर्थिंग कच्चं असेल तर गिटारच्या तारांवर हात आणि ओठ माईकला, एवढ्यात गायकाला झटका बसतो. जीवही जाऊ शकतो. कोळसा-मीठ घालून खड्डा नीट करा, पाणी ओता, वायरमनकडून तपासून घ्या, गळती झाली तर लाइन तोडणारा ब्रेकर बसवा, आणि गिटारचा अँप व माईकचा मिक्सर एकाच अर्थिंगवर घ्या. लाइट आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर ठेवा, नाहीतर डिमरची (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) घरघर रात्रभर गिटारमधून येईल. जनरेटर मंचापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, डिझेल भरून.

मंचावर कापडी छत हवंच, दव वाद्यांवर पडता कामा नये. थंडीत तारांचा सूर हलतो, म्हणून वाद्यं तासभर आधी मंचावर आणून ठेवा आणि दर दोन-तीन गाण्यांनी ट्यूनर लावा. सुट्या तारांचा सेट आणि ड्रमच्या काड्यांच्या दोन जोड्या जास्तीच्या असू द्या.

बायकांची बसायची जागा वेगळी आणि उजेडाची ठेवा, पाणी आणि चहाची सोय करा. साउंडवाल्याला दिवस मावळायच्या आत बोलवा. तपासणी पूर्ण झाल्याशिवाय तिकिटाची खिडकी उघडू नका.