महिन्याला एक टेबल, पण प्रोसीजर एकच

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये विक्रीचं टेबल दर महिन्याला नवं: विक्री_२०१९०१, विक्री_२०१९०२, असं पाच-सहा वर्षं. आता एका ग्राहकाची सगळी खरेदी एकत्र हवी आहे, तीही एकाच प्रोसीजरमधून (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड). ती प्रोसीजर क्वेरी आधी स्ट्रिंगमध्ये रचते आणि मग चालवते; हीच डायनॅमिक क्वेरी. डिझाइन चुकलंय हे मान्य, पण ते बदलणं बहुतेकदा आपल्या हातात नसतं.

टेबलांची नावं सिस.टेबल्समधून (सगळ्या टेबलांची यादी) उचला. नावं नमुन्याशी जुळवणाऱ्या लाइकमध्ये अंडरस्कोर म्हणजे कुठलंही एक अक्षर, म्हणून तो चौकटी कंसात लिहा आणि पुढे नेमके सहाच आकडे मागा. मी नुसता टक्का (म्हणजे पुढे काहीही चालेल) ठेवला होता. कुणीतरी मागे सोडलेलं बॅकअपचं टेबलही आत आलं आणि त्या महिन्याची विक्री दुप्पट दिसली.

प्रत्येक नाव क्वोटनेममधून (नावाला चौकटी कंस घालणारं फंक्शन) काढा. कॉलम नावानिशी लिहा, स्टार (म्हणजे सगळे कॉलम) नको. प्रत्येक टेबलाच्या सिलेक्टचे तुकडे युनियन ऑलने जोडा; नुसत्या युनियनने दोन सारख्या विक्रींची एकच ओळ होते.

आता खरी गोम. टेबलाचं नाव पॅरामीटर म्हणून जात नाही, ते स्ट्रिंगमध्येच जोडावं लागतं. म्हणून लोक ग्राहक क्रमांकही तिथेच चिकटवतात आणि 'सिंगल कोट दुप्पट केला की झालं' असं वर सांगतात. ऐकू नका. असं मूल्य नेहमी एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएलला (स्ट्रिंगमधली क्वेरी चालवणारी प्रोसीजर) पॅरामीटर म्हणून द्या. इंजेक्शनचा, म्हणजे दिलेल्या मजकुरातून भलतीच क्वेरी घुसण्याचा, धोका टळतो आणि प्लॅनही (क्वेरी कशी चालवायची याचा सर्व्हरने केलेला आराखडा) पुन्हा वापरता येतो.

माझा अख्खा दिवस मात्र वेगळ्याच गोष्टीत गेला. क्वेरीची स्ट्रिंग ठेवायचं व्हेरिएबल एनव्हारचार(४०००), म्हणजे फार तर ४००० अक्षरांचं, होतं. टेबलं वाढली, स्ट्रिंग मुकाट्याने कापली गेली आणि भलत्याच जागी सिंटॅक्स एरर आली. एनव्हारचार(मॅक्स) केलं, तरी प्रिंटमध्ये क्वेरी अर्धीच! प्रिंटच ४००० अक्षरांवर थांबतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. बरोबर झालेला कोड मी तासन्‌तास उसवत बसलो. लांबी लेन या फंक्शनने तपासा. तुकडे जोडायला २०१७ च्या आवृत्तीपासूनचं स्ट्रिंग_अ‍ॅग वापरत असाल तर आतली स्ट्रिंग आधी मॅक्समध्ये कास्ट करा, नाहीतर ८००० बाइट्सच्या पुढे ते एरर देतं.

शेवटी चालवा, पण स्वतःच्या अ‍ॅडमिन लॉगिनने तपासून समाधान मानू नका. डायनॅमिक क्वेरीला प्रोसीजरची परवानगी पुरत नाही. चालवणाऱ्याला त्या टेबलांवर सिलेक्टचा हक्क लागतो.