टाळूतून होणारी सोनोग्राफी: पेटीतल्या बाळाच्या आईवडिलांसाठी

एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दारात आज्या मला हमखास अडवतात. ‘टाळूला आम्ही बोट लावू देत नाही कुणाला, आणि तुम्ही मशीन टेकवणार?’ टेकवते, अगदी हलक्या हाताने. तिथे हाड नसतं, म्हणूनच आतला मेंदू दिसतो. यात एक्स-रेसारखे किरण नाहीत, भूल नाही, बाळाला पेटीतून काढावंही लागत नाही. टोपी तेवढी काढायची. डोक्याला तेल असलं तर मी पुसून घेते, त्यावरून आजीशी भांडू नका.

बाळ ३२ आठवड्यांआधी जन्मलं किंवा वजन दीड किलोच्या आत भरलं, तर स्वतःहून विचारा, ‘डोक्याची सोनोग्राफी कधी?’ पहिली पहिल्या आठवड्यातच हवी, कारण अशा बाळांच्या मेंदूत रक्तस्राव झालाच तर बहुतेकदा पहिल्या तीन-चार दिवसांत होतो. ती नॉर्मल आली की घरचे निर्धास्त होतात आणि पुढची राहून जाते. तसं होऊ देऊ नका. रक्तपुरवठा कमी पडून इजा झाली असेल, तर तिथल्या पाण्याच्या गाठी दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून दुसरी महिन्याच्या सुमारास आणि आणखी एक प्रसूतीच्या मूळ तारखेच्या आसपास.

गरोदरपणातले रिपोर्ट सोबत ठेवा. अनॉमली स्कॅनमध्ये (गर्भातलं व्यंग शोधणाऱ्या सोनोग्राफीत) ‘व्हेंट्रिकल ११ मिमी’ लिहिलेलं असेल (व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूतली पाण्याची पोकळी; १० च्या आत नॉर्मल), तर आज दिसणारी रुंदी जुनी की नवी, ते मला त्या एका आकड्यावरून कळतं.

‘तुमचं मशीन घेऊन आमच्या हॉस्पिटलात या’ असा आग्रह मात्र नको. पीसीपीएनडीटी कायद्यामुळे, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे, पोर्टेबल मशीन नोंदणीच्या जागेबाहेर असं नेता येत नाही.

स्क्रीनवर पाणी काळं, मेंदू राखाडी, ताजं रक्त पांढरं. मी प्रोब (मशीनचा टाळूला टेकवायचा भाग) आडवा धरून कपाळाकडून मागे तिरपा करत नेते, मग उभा फिरवते. कॉडेट आणि थॅलॅमस या मेंदूतल्या दोन भागांमधल्या खाचेपाशी सर्वांत जास्त वेळ थांबते. मेंदूतलं पाणी तयार करणारा कोरॉइड प्लेक्ससही पांढराच दिसतो, पण तो त्या खाचेच्या पुढे जात नाही. पुढे पांढरा ठिपका दिसला की रक्ताचा संशय.

रिपोर्टमध्ये ‘ग्रेड १’ म्हणजे रक्त त्या खाचेपुरतंच. ‘२’ म्हणजे व्हेंट्रिकलमध्ये उतरलेलं. ‘३’ मध्ये व्हेंट्रिकल फुगतात, ‘४’ मध्ये शेजारच्या मेंदूलाही इजा झालेली असते. १ आणि २ बहुधा आपोआप विरतात; त्यावर रात्रभर गूगल करत बसू नका, बाळाच्या डॉक्टरांना विचारा.

३ किंवा ४ असेल तर घरी गेल्यावर डोक्याचा घेर मोजत राहा. टेप भुवयांच्या वरून आणि मागे सर्वांत फुगीर भागावरून घ्या, दर वेळी त्याच जागी. आठवड्यात दोन सेंटिमीटर वाढ झाली, बाळ रडत नसताना, उभं धरलेलं असतानाही टाळू फुगलेली राहिली किंवा बुबुळं सतत खाली वळलेली दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.