नोट गल्ल्यात टाकण्याआधी

बारावीनंतर नाशिकला सिडकोत मावशीकडे राहायला आले आणि जवळच्याच एका सुपरमार्केटमध्ये कॅशियर म्हणून लागले. मुलाखतीत विचारलं, "गणित कसं आहे?" मी म्हटलं, चांगलं आहे. चार वर्षं काउंटरवर काढल्यावर आज या कामाला नव्याने लागणाऱ्यांना सांगते, गणिताचा प्रश्न फारसा येतच नाही. किती परत द्यायचे ते कॉम्प्युटर सांगतो. या कामाला लागतो तो क्रम. काय आधी, काय नंतर, हे हातात बसलं पाहिजे आणि मागे वीस माणसं उभी असली तरी ते मोडायचं नाही.

मला हे एका आजींमुळे कळलं.

माझा दुसराच आठवडा होता. पगार झालेले, महिन्याचा किराणा भरायला गर्दी लोटलेली. आजींचं बिल १६४ रुपयांचं. अर्धा किलो तूरडाळ, चहा पावडर आणि अंगाचा साबण. पदराची गाठ सोडून त्यांनी नोट दिली. मी त्याच वेळी शेजारच्या काउंटरवर पिशव्या मागत होते. १६४ चं बिल म्हणजे दोनशेची नोट असणार, असं डोक्याने धरूनच टाकलं. कॉम्प्युटरवर २०० टाकले, ३६ रुपये परत दिले. आजी म्हणाल्या, "बाळा, पाचशे दिले होते मी." मी ठामपणे नाही म्हटलं. नोट तोवर गल्ल्यात गेली होती, त्यामुळे दाखवायला त्यांच्याकडेही काही नव्हतं आणि माझ्याकडेही. मागून कोणीतरी ओरडलं, "आजी, आटपा लवकर." त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या.

रात्री कॅश मोजली तर ३०० रुपये जास्त. पाचशेच्या कप्प्यात एक नोट जादा, दोनशेच्या कप्प्यात एक कमी. हाताने ती करडी नोट बरोबर करड्या नोटांत ठेवली होती, लक्ष मात्र भलतीकडे होतं. सुपरवायझर ताईंनी बिल नंबरासकट वहीत नोंद केली आणि पैसे पाकिटात घालून बाजूला ठेवले. आजी नऊ दिवसांनी आल्या. मी माफी मागितली, तीनशे रुपये हातात दिले. त्यांनी ते गाठीला बांधले आणि म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल." ते बोलणं मला अजून लागतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. नोट हातात आली की मोठ्याने म्हणायचं, "पाचशे दिलेत." ती गल्ल्यात टाकायची नाही, काउंटरवर आपल्या बाजूला, समोरच्याला दिसेल अशी आडवी ठेवायची. सुट्टे मोजून त्याच्या हातात द्यायचे, त्याला मोजू द्यायचे, आणि मगच नोट कप्प्यात. याला चार-पाच सेकंद जास्त लागतात. ते लागू द्या. गर्दीत कोणी मध्येच म्हणालं, "थांबा, ही नोट परत द्या, दुसरी देतो, आणि शंभरचे सुट्टेही द्या," तर आधी चालू बिल पुरं करा, गल्ला बंद करा, मग दुसरी गोष्ट ऐका. बहुतेक माणसं सहजच विचारतात, पण गोंधळ उडवून पैसे काढणारेही हेच करतात. दोघांसाठी उत्तर एकच ठेवलं की कोणावर संशय घ्यावा लागत नाही.

नोटांचं म्हणाल तर रंगावर फार विसंबू नका. वीसची नोट हिरवट पिवळी, दोनशेची गडद पिवळी. संध्याकाळच्या दिव्यात, चार घड्या घातलेल्या असल्या की दोन्ही सारख्याच दिसतात. घडी उलगडा आणि मागचं चित्र बघा. विसावर वेरूळची लेणी, दोनशेवर सांचीचा स्तूप. पाचशेची नोट कलती केली की तिच्यातला धागा हिरव्याचा निळा होतो, आणि डाव्या-उजव्या कडेला पाच-पाच उठावाच्या रेघा बोटाला लागतात. नंबरात चांदणी छापलेली आहे म्हणून पाचशेची नोट खोटी ठरत नाही, त्यावरून गिऱ्हाइकाशी वाद घालू नका. दहाच्या नाण्याचंही तेच. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं की तेव्हा चलनात असलेली चौदाही प्रकारची नाणी चालतात. तरीही "हे आमच्याकडे घेत नाहीत" म्हणणारे भेटतात. त्यांना शांतपणे सांगा, आणि तरी नको म्हणाले तर दुसरी नाणी द्या.

मोबाईलवरून पैसे आले की गिऱ्हाईक स्क्रीन दाखवतो. ती हिरवी खूण पाहून माल सोडायचा नाही, आपल्या मशीनवर किंवा साउंडबॉक्सवर रक्कम आली पाहिजे. पेंडिंग दाखवत असेल तर लगेच दुसऱ्यांदा पैसे मागू नका. बिल होल्डवर टाका, त्यांना बाजूला उभं राहायची विनंती करा आणि पुढचं गिऱ्हाईक घ्या.

स्कॅनिंग सोपं आहे, एक जागा सोडून. एकाच वस्तूचा जुना आणि नवा माल शेल्फवर एकत्र असतो, बारकोड तोच, एमआरपी वेगळी. कॉम्प्युटर दोन किमती दाखवून विचारतो, कुठली? नवीन मुलं न बघता वरची दाबतात. पाकीट फिरवून छापलेली किंमत वाचायचीच, कारण त्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही. २०२५ मध्ये घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे दर बदलले, तेव्हा आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक पाकिटावरून प्रश्न होते. त्या आठवड्यात मी दिवसभर तेच तेच समजावत होते. पण लोक चिडले तरी त्यांचं विचारणं बरोबर होतं, पैसे त्यांचे आहेत. बारकोड लागत नसेल तर आधी पाकीट पुसा, दुधाच्या ओल्या पिशव्यांना हेच होतं. तरी नाही लागला तर खालचे तेरा आकडे टाका. शेजारचं दुसऱ्या चवीचं पाकीट स्कॅन करून वेळ मारून नेऊ नका, स्टॉक चुकतो आणि महिन्याअखेरीला शोधत बसावं लागतं.

आता पैसे कमी पडण्याबद्दल. माझ्या पहिल्याच महिन्याच्या पगारातून ७४० रुपये कापले गेले. मी जेवायला गेले की दुसरी मुलगी माझ्याच लॉगिनवर, माझ्याच गल्ल्यातून बिलं करायची. शॉर्ट, म्हणजे कॅशमधली तूट, कोणामुळे आली हे कोणालाच सांगता आलं नसतं, पण नाव माझं होतं. कायद्याने कॅशच्या तुटीपायी पगार कापता येतो, पण ती तूट तुमच्याच निष्काळजीपणामुळे आलेली असावी लागते आणि कापण्याआधी तुम्हाला बाजू मांडू द्यावी लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी गप्प बसले. तुम्ही बसू नका. सकाळी ओपनिंग कॅश, म्हणजे सुरुवातीला गल्ल्यात असलेले पैसे, स्वतः मोजल्याशिवाय सही करायची नाही. काउंटर सोडताना लॉगआउट, गल्ल्याला कुलूप, चावी खिशात. मैत्रीण कितीही जवळची असली तरी. त्यात तिचंही भलंच असतं, उद्या तिच्यावर बोट येत नाही.

रिटर्न आणि बिलातली एखादी ओळ व्हॉइड, म्हणजे रद्द, करणं सुपरवायझरसमोरच करा, आणि बिलाच्या मागे कारण लिहून ठेवा.

शेवटचं पायांबद्दल. नऊ तासांच्या शिफ्टमध्ये जेवणाची सुट्टी सोडली तर सगळा वेळ उभं राहणं. पहिल्या महिन्यात माझ्या पोटऱ्यांत रात्री गोळे यायचे. सपाट चपलांवर उभं राहू नका, जाड तळाचे बूट घ्या, पहिल्या पगारातला पहिला खर्च तोच. आणि बसायला मागायची लाज बाळगू नका. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी असा बदल कायद्यात केला. ती बातमी मोबाईलवर दाखवून आम्ही सहा जणींनी मॅनेजरांकडे विषय काढला. त्यांनी दोन स्टूल आणून दिले. दुपारी दोन ते चार, गर्दी नसताना, वीस-वीस मिनिटांचा नंबर लावून आम्ही त्यावर बसून बिलं करायचो. नवीन आलेल्या मुलीचा नंबर नेहमी पहिला.