परग्रहावरच्या वस्तीची आणि युद्धाची कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं मी एका दिवाळी अंकासाठी आणि ओळखीतल्या नव्या लेखकांसाठी विज्ञानकथांची हस्तलिखितं वाचतेय आणि हल्ली त्यात एक प्रकार भरपूर येतो, पृथ्वीवरून माणसं दुसऱ्या ताऱ्याजवळच्या ग्रहावर राहायला जातात, वस्ती उभी करतात आणि मग तिथल्या लोकांशी त्यांची जुंपते. मला हा प्रकार मनापासून आवडतो. म्हणून तर त्याच त्याच चुकांनी चांगली कादंबरी वाया गेलेली बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंतर खाऊन टाकणं.

सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, तो 4.24 प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे प्रकाशालाही तिथे पोचायला सव्वाचार वर्षं लागतात, आणि निरोप त्याहून वेगाने जात नाही, म्हणून इथून "कशी आहेस" विचारलं तर उत्तर हातात पडायला साडेआठ वर्षं. व्हॉयेजर 1 हे यान 1977 ला सोडलंय, ते सेकंदाला साधारण 17 किलोमीटर या वेगाने चाललंय, आणि त्या वेगाने प्रॉक्सिमापर्यंत जायचं म्हटलं तर पंचाहत्तर हजार वर्षांच्या आसपास लागतील. आता कथेत तुम्ही यानं कितीही वेगवान करा, तुमचा हक्कच आहे तो, पण एकदा जो वेग ठरवला तो शेवटच्या पानापर्यंत पाळायचा. इथेच सगळे घसरतात.

एका मुलाने मला चारशेवर पानांची कादंबरी पाठवली होती. यान पृथ्वीवरून निघून अकरा वर्षांनी पोचतं, वस्तीत बाराशे माणसं. चौथं प्रकरण वाचून मी खरंच पुस्तक बाजूला ठेवून बसले होते. नायिका रोपांच्या डोममध्ये गुडघ्यावर बसून नळीतला गाळ काढतेय आणि आईचा निरोप येतो, दारातला आंबा यंदा चांगला मोहरलाय, लोणचं घालू का नको ते सांग. ती मातीच्या हाताने बोटांवर हिशोब करते, तो मोहर चार वर्षांपूर्वीचा आहे, कैऱ्या उतरल्या, लोणचं घातलं असेल तर संपलं पण, आई आहे का नाही तेही माहीत नाही. तरी ती उत्तर पाठवते, "घाल, पण मीठ जरा कमी टाक." एवढंच. असं प्रकरण लिहिणाऱ्या माणसाला लिहिता येतं यात मला शंका नव्हती.

आणि पान 212 वर वस्तीवर हल्ला होतो आणि तीन दिवसांत पृथ्वीवरून लढाऊ यानांचा ताफा हजर! मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, एक वॉर्महोल टाकतो ना, अवकाशातला शॉर्टकट, दोन ओळींचं काम आहे." मी म्हटलं, अरे मग ती नायिका त्याच वॉर्महोलमधून जाऊन आईला भेटून का नाही आली? तो बराच वेळ काही बोललाच नाही. त्या दोन ओळींनी चौथं प्रकरण खोटं पडत होतं, आणि त्या प्रकरणासाठीच तर लोक पुस्तक वाचणार होते.

मग आम्ही बसलो. ताफा पूर्ण काढून टाकला, जवळजवळ नव्वद पानं गेली, त्याला रडू यायचं बाकी होतं, पण सात महिने नेटाने बसला पोरगा. आता वस्ती एकटी लढते, एकटीच तह करते, आणि तह होऊन आठ वर्षं उलटल्यावर पृथ्वीवरून हुकूम येतो की लढा, माघार घेऊ नका. तो हुकूम कुणी वाचून दाखवायचा यावरून वस्तीत जे प्रकरण होतं ते आधीच्या अख्ख्या युद्धापेक्षा भारी झालंय.

माझी यावरची सवय साधी आहे. एक दोनशे पानी वही घ्यायची, मधोमध रेघ मारायची, डावीकडे "घडलं" आणि उजवीकडे "कळलं". प्रत्येक घटनेला दोन तारखा, आणि प्रत्येक पात्राला ती बातमी कधी कळली ते वेगळं. आपल्याला हे नवीन नाही खरंतर. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ला झाली आणि नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले होते, मोत्यं गळाल्याची, मोहरा गेल्याची ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर सगळं होऊन गेलेलं होतं. मधल्या दिवसांत ते काय बोलले असतील, काय बेत केले असतील याचा विचार करा, तिथे अख्खी कादंबरी आहे. एक्सेलमध्ये करा, ॲपमध्ये करा, मला वही लागते कारण वहीत खाडाखोड दिसते.

वेगाचं एक झालं, दुसरं माणसं मोजत नाहीत. बाराशेची वस्ती, पहिल्या लढाईत तीनशे मेले, दुसऱ्या लढाईत चारशे, तिसऱ्या लढाईला परत "हजारो सैनिक" निघाले. कुठून? बाराशेतली पोरं, म्हातारी, गरोदर बायका, शेती आणि पाणी बघणारे वजा करा, लढायला किती उरतात ते आधी लिहा. अमेरिकेत जेम्सटाउनच्या वस्तीत 1609-10 च्या हिवाळ्यात पाचशेच्या आसपास माणसांतली साठेकच जगली, आणि बाकीच्यांतली बरीचशी मेली ती उपासमारीने आणि आजाराने, कारण स्थानिक पौहाटन लोकांनी वेढा घातलेला आणि बाहेर पडून खायला आणायची सोय नव्हती. पानिपतावर पण रसद तुटल्यामुळेच फौज उपाशीपोटी लढायला निघाली ना. लेझरची बंदूक तीन पानं वर्णन करता आणि धान्याचं कोठार कुठेय ते माहीत नाही, असं चालणार नाही.

आता तिसरी मोठी चूक. परग्रहवासी हल्ला का करतात? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि दहातले आठ जण सांगतात, "ते क्रूर आहेत." हे उत्तर नाहीये हो. आळस आहे. तुमची माणसं तिथे जाऊन उतरलीत, त्यांचं पाणी उपसताय, त्यांची कुठली तरी जागा खणताय आणि वर तेच क्रूर? बहुतेक हस्तलिखितांत पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, ग्रह निर्मनुष्य होता. इंग्रजांनी 1788 ला सिडनीजवळ वसाहत केली तेव्हा असंच धरलं होतं, जमीन कुणाचीच नाही, आणि तिथे माणसं हजारो वर्षं राहत होती. तो समज त्या देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने रद्द करायला 1992 साल उजाडलं. आपल्याकडे तर लांब जायला नको, ज्यांची गावं कोयनेच्या पाण्याखाली गेली त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ तासभर बसा, गावातलं कुठलं झाड, कुठली विहीर, कुठलं देऊळ ते अजून सांगतात. हे कान देऊन ऐकलेल्या माणसाच्या हातून बिनकारणाचा राक्षस लिहिला जाणारच नाही.

मी काय करते, कादंबरी सुरू करायच्या आधी त्यांच्या बाजूचं एक प्रकरण लिहून काढते, जे पुस्तकात जाणार नाही. आकाशातून पहिलं यान उतरलं त्या दिवशी त्यांच्यातलं एखादं काय करत होतं, त्याचं काय मोडलं, काय मेलं. दहा-बारा पानं होतात. नवीन मुलांना हे सांगितलं की लगेच तोंड वाकडं, "पुस्तकात जाणार नाही तर कशाला लिहायचं?" मग चॅटबॉटला सांगून परग्रहवासीयांची संस्कृती बनवून घेतात, पाच देव, तीन वंश, एक भविष्यवाणी, सगळं छान टापटीप आणि त्यातलं काहीही कथेत लागत नाही. ती दहा पानं स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय शत्रू कळत नाही, याला दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

बाकीच्या पटापट सांगते.

प्रॉक्सिमाभोवतीचा ग्रह 2016 ला सापडला, त्याचं वर्ष साधारण 11 दिवसांचं, आणि त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी असा अंदाज आहे. तिथे कथा घडवायची आणि पहिलं वाक्य "पहाट झाली"! असं नका करू. आणि "वीस वर्षांनी" म्हणजे कुठली वर्षं तेही ठरवा.

निर्वातात स्फोटाचा आवाज येत नाही, यानालाच धक्का बसला तर आत येतो, भिंतीतून. तो लिहा, जास्त भीती वाटते.

इंजिन बंद केलं म्हणून यान थांबत नाही. थांबायला उलटा जोर लावावा लागतो.

अख्ख्या ग्रहावर एकच हवामान नको.

नावं उच्चारता येतील अशी ठेवा, क्झ्र्र्थ वाचताना माणूस दर वेळी अडखळतो.

तिसऱ्या पिढीतली वस्तीतली पोरं आपल्यासारखी मराठी बोलणार नाहीत. तंजावरची मराठी ऐका, व्यंकोजीराजांच्या काळापासून तिकडे राहिलेल्या लोकांची, तमिळच्या शेजारात तिला किती वेगळी चाल आलीय. मॉरिशसला गेलेल्यांची वेगळी. दोन-चार शब्द बदला, एखादा प्रत्यय बदला, बास होतं.

पहिली तीस पानं इतिहास सांगू नका, आणि पहिलं पुस्तक पुरं व्हायच्या आधी तीन भागांची घोषणा तर अजिबात नको.

आणि मला किंवा कुणालाही हस्तलिखित वाचायला देताना त्या घडलं-कळलं वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवा, मी कथा उघडायच्या आधी ते बघते.