६२९ घ्यावं की सुपर रेडहॉक? दर आठवड्याला नेमबाजीच्या रेंजवर जाणाऱ्यांसाठी

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, बहुतेक सगळे इथे टेक्सासमध्ये स्थिरावलेले आपलेच लोक, नाइन एमएम पिस्तुलावर हात बसलेला आणि आता मोठं रिव्हॉल्वर हवंय, .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं, डबल अ‍ॅक्शन (म्हणजे घोडा, अर्थात हॅमर, अंगठ्याने न ओढता नुसता ट्रिगर ओढून झाडता येणारं), आणि गाडी येऊन थांबते ती दोन नावांवर: स्मिथ अँड वेसनचं ६२९ की रूगरचं सुपर रेडहॉक. मी आधी उलट विचारतो की महिन्याला किती गोळ्या झाडणार? वर्षातनं दोनदा जाऊन पन्नास गोळ्या झाडायच्या असतील तर जे हातात आवडेल ते घ्या, दोन्ही चांगली आहेत. पण दर शनिवारी शंभर-दीडशे गोळ्या झाडायच्या असतील तर हिशोब पूर्ण बदलतो, कारण मग शंभरावी गोळी पहिलीसारखीच झाडता येतेय का एवढंच बघायचं असतं.

सुरुवातीलाच कायद्याचं बोलून घेऊ, कारण आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही. तुम्ही एच-१बी किंवा तसल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे काही मोजके अपवाद आहेत पण ते तुम्हाला लागू होतात का हे मित्राला नाही, वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येतं, दुकानात फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, आणि हँडगनसाठी दुकानदाराकडनं घ्यायचं तर वय २१ लागतं. राज्याराज्याचे नियम वेगळे ते वेगळेच. आणि दुसरं, रेंजची बॅग कायम वेगळी ठेवा, ती घेऊन कधीही भारतात जाऊ नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या एअरपोर्टवर सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होते आणि सुट्टी पोलीस स्टेशनात जाते, असे प्रकार दरवर्षी घडतात.

आता मुद्द्याचं. .४४ मॅग्नम बाजारात आलं ते १९५५-५६ च्या सुमारास, एल्मर कीथ नावाचा माणूस कितीतरी वर्षं .४४ स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसाच्या पुंगळीत जास्त दारू भरून प्रयोग करत होता त्यातनं ते जन्मलं, आणि स्मिथने त्यासाठी जे रिव्हॉल्वर काढलं ते पुढे मॉडेल २९ झालं. ६२९ म्हणजे त्याचंच स्टेनलेस रूप. मूळ फ्रेम त्या काडतुसापेक्षा जुनी, नाजूक म्हणणार नाही मी पण सडपातळ आहे. रूगरने उलट केलं, १९७९ मध्ये रेडहॉक काढलं ते मॅग्नम डोळ्यासमोर ठेवूनच, आणि १९८७ मध्ये सुपर रेडहॉक, म्हणजे पुढची फ्रेम आणखी लांब आणि जाड, नळीचा बराचसा भाग तिच्यात गाडलेला, वर दुर्बीण बसवायच्या खाचा फ्रेममध्येच कापलेल्या. दिसायला ते देखणं नाही हे मी मान्य करतो, पण हातात घेतलं की कळतं ते कशासाठी बनवलंय.

वजनाचा फरक कागदावर छोटा वाटतो. सहा इंची ६२९ जवळपास पावणेतेराशे ग्रॅमचं, साडेसात इंची सुपर रेडहॉक दीड किलोचं. एकच काडतूस दोन्हीतनं झाडलं तर जड रिव्हॉल्वरचा धक्का साधारण १५ टक्के कमी भरतो, आणि पूर्ण ताकदीच्या मॅग्नमच्या पन्नास गोळ्यांनंतर ते १५ टक्के अंगठ्याच्या बेचक्यात स्पष्ट जाणवतात. पण तेच दीड किलो हात लांब करून तासभर धरायचं म्हटलं की खांदा बोलायला लागतो, आणि थकलेल्या खांद्याने नेम खाली जातो. म्हणजे धक्का सोसणारा हात आणि वजन पेलणारा खांदा या दोघांत तुमचं कोण आधी थकतं ते बघायला पाहिजे, आणि ते दुकानात कळत नाही.

ट्रिगरबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण डबल अ‍ॅक्शन झाडायचं असेल तर सगळा खेळ तिथेच आहे. एकाच ओढीत हॅमर मागे जातो, सिलिंडर (सहा गोळ्यांचं फिरतं नळकांडं) फिरतं आणि हॅमर सुटतो, ही ओढ पाच किलोच्या आसपास असते, हॅमर अंगठ्याने आधीच मागे ओढून ठेवला तर जेमतेम दोन. स्मिथची डबल अ‍ॅक्शन ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी सरकते, विहिरीच्या चांगल्या रहाटासारखी, कुठे अडत नाही. आत पट्टीची स्प्रिंग आहे, पकडीच्या पुढच्या बाजूला खाली तिचा स्क्रू असतो. तो सैल करून ओढ हलकी करायचा मोह बऱ्याच जणांना होतो, तो करू नका, स्क्रू पूर्ण आवळलेलाच हवा, नाहीतर प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर) टोला हलका पडतो आणि बार फुसका जातो. रूगरची ओढ कारखान्यातनं येते तेव्हा जड आणि थोडी खरखरीत, पण चार-पाचशे वेळा रिकामं झाडलं की बरीच सुधारते. सुपर रेडहॉकमध्ये हॅमरची आणि ट्रिगरची स्प्रिंग वेगळी आहे, त्यामुळे जाणकार गनस्मिथला काम करायला वाव असतो. साध्या रेडहॉकमध्ये दोन्ही कामं एकच स्प्रिंग करते, एक हलकं करायला गेलं की दुसरंही ढिलं होतं, म्हणून नियमित डबल अ‍ॅक्शनवाल्यांना मी साधं रेडहॉक सुचवत नाही, गडी कितीही मजबूत असला तरी.

आता गोळ्यांचा खर्च. .४४ मॅग्नमची एक फॅक्टरी गोळी डॉलरच्या आसपास किंवा वरच जाते, म्हणजे दर शनिवारी दीडशे म्हटलं तर वर्षभरात रिव्हॉल्वरच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गोळ्यांवर जातात. .४४ स्पेशल याच सिलिंडरमधनं झाडता येतं, धक्का निम्म्याहून कमी, पण दुकानात तेही स्वस्त नाही. त्यामुळे नियमित झाडणारे शेवटी स्वतः गोळ्या भरायला लागतात, पुंगळ्या सरळ भिंतीच्या आहेत, पुन्हापुन्हा वापरता येतात, आणि २४० ग्रेनची शिशाची गोळी सेकंदाला नऊशे-हजार फुटांवर ठेवली की दिवसभर झाडता येतं. दारूचं माप छापील मॅन्युअलमधनंच घ्या, कुणी तोंडी सांगितलेलं नको. दुकानात रूगरवाले म्हणतील की हे कसलाही लोड, म्हणजे दारू-गोळीचं कितीही जोरदार माप, पचवतं. पचवतंही, पण तुमच्या मनगटाचं काय?

एक बारीक गोष्ट, स्पेशलची पुंगळी मॅग्नमपेक्षा जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड असते, त्यामुळे सिलिंडरच्या प्रत्येक भोकात पुढे काजळीचं कडं जमतं आणि मग मॅग्नम अर्ध्यात अडकते. ढकलून बसवू नका. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट घालून दहा मिनिटं थांबा, कडं निघतं. मी तर मॅग्नमच्या पुंगळीतच हलका लोड भरतो, ही भानगडच राहत नाही.

निवडायची पद्धत आता. भाड्याने रिव्हॉल्वर देणारी रेंज शोधा, एकाच दिवशी दोन्ही घ्या, प्रत्येकी पन्नास गोळ्या, त्यातल्या बहुतेक स्पेशल किंवा हलक्या आणि शेवटचं एक सिलिंडर, म्हणजे सहा गोळ्या, पूर्ण मॅग्नम. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही, कारण या काडतुसाचा आवाज १४० डेसिबलच्या कितीतरी वर जातो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. दुसऱ्या हाताची बोटं सिलिंडरच्या पुढच्या कडेपाशी कधीही नकोत, तिथल्या फटीतनं गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात आणि कातडी कापली जाते. सगळं डबल अ‍ॅक्शनमध्ये झाडा. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट पोचतंय का बघा, पकड फिरवून पोचावं लागत असेल तर ते रिव्हॉल्वर तुमचं नाही, किंवा पकड बदलावी लागेल. सुपर रेडहॉकला पकडीच्या आत नुसता एक दांडा असतो, त्यामुळे त्यावर लहान-मोठी कुठल्याही आकाराची पकड बसते, लहान पंजाच्या माणसाला हा मोठा फायदा आहे. आणि मुख्य म्हणजे दोन्हीचे पहिले सहा आणि शेवटचे सहा वेगवेगळ्या कागदावर झाडा. घरी येऊन शेवटचे कागद शेजारी ठेवा. ज्याचा शेवटचा कागद पहिल्यासारखा दिसतो ते घ्या, बाकी सगळी चर्चा नंतर.

जुनं घेणार असाल तर खिशात फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ठेवा. रिव्हॉल्वर रिकामं आहे हे दोनदा बघून सिलिंडर आणि नळीमधली फट मोजा, इंचाचे पाच-सहा हजारांश छान, दहाच्या पुढे गेली तर नको म्हणा. हॅमर अगदी हळू मागे ओढा, सिलिंडर कुलूपबंद झाल्याचा टक आवाज हॅमर अडकायच्या आधी किंवा बरोबर यायला हवा, सहाही भोकांसाठी. मग सिलिंडर बोटांनी पुढेमागे हलवा, पुढेमागे खेळ जाणवला तर स्मिथमध्ये तो दुरुस्त होतो पण किंमत त्या हिशोबाने पाडा. जुन्या ६२९ मध्ये आणखी एक बघायचं: सत्तर-ऐंशीच्या दशकात मेंढ्याच्या आकाराच्या लोखंडी निशाणांवर २०० मीटरवरनं झाडायच्या स्पर्धा जोरात होत्या, ते लोक जड लोड हजारोंनी झाडत, आणि त्या धक्क्याने स्मिथचं सिलिंडर उलटं फिरायच्या तक्रारी आल्या. कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आतल्या खाचा वगैरे सुधारल्या. सिलिंडर बाजूला उघडलं की फ्रेमवर मॉडेल नंबर कोरलेला दिसतो, ६२९ च्या पुढे डॅश ४ किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर निर्धास्त घ्या. नव्या बऱ्याच ६२९ वर लॅचच्या (सिलिंडर उघडायच्या खटक्याच्या) वर अंतर्गत कुलपाच्या चावीचं भोक असतं, त्यावरनं लोक फार तावातावाने बोलतात, माझ्या रिव्हॉल्वरला त्याने कधी त्रास दिलेला नाही.

माझं मत विचाराल तर असं. कागदी निशाणावर डबल अ‍ॅक्शन शिकायचंय, हलके लोड झाडणार, पंचवीस यार्डाच्या आत, तर ६२९, आणि त्यातही पाच किंवा साडेसहा इंची क्लासिक, नळीखाली पूर्ण लांबीचं वजन असल्यामुळे तोंड कमी उडतं. शिकार करणार, दुर्बीण लावणार, पूर्ण ताकदीच्या मॅग्नमच झाडायच्यात, तर सुपर रेडहॉक, दुसरा विचारही करू नका. नुसतं मजबूत आहे म्हणून रूगर घेऊन नंतर जड ट्रिगरमुळे कपाटात ठेवलेले लोक मी पाहिलेत, आणि ६२९ मधनं दर आठवड्याला शंभर जड गोळ्या झाडून दोन वर्षांत ते ढिलं करणारेही पाहिलेत.

घेतल्यावर पहिला महिना सांभाळा. मी पहिल्याच महिन्यात पूर्ण ताकदीच्या मॅग्नमचे डबेच्या डबे संपवले आणि बार उडायच्या आधीच हात दचकून खाली दाबायची सवय लागली, ती मोडायला मला जवळजवळ एक वर्ष गेलं, फार वाईट वाटायचं तेव्हा. त्यातनं बाहेर आलो ते दोन गोष्टींनी. घरी रोज दहा मिनिटं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, स्नॅप कॅप (सरावाची खोटी, निर्जीव काडतुसं) घालून, नळीच्या वरच्या पट्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता डबल अ‍ॅक्शन ओढ पूर्ण करायची. सुरुवातीला दहातनं आठ वेळा पडतं. आणि रेंजवर सहापैकी दोन भोकांत रिकाम्या पुंगळ्या घालून सिलिंडर न बघता फिरवून बंद करायचं, ते काम जोडीदाराला दिलं तर उत्तम. रिकाम्या पुंगळीवर हॅमर पडतो तेव्हा फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची माशी) हलली तर दचका शिल्लक आहे, हलली नाही तर त्या दिवशी मॅग्नमचं एक सिलिंडर झाडायला हरकत नाही. पहिल्या पाचशे गोळ्यांनंतर फट पुन्हा मोजा, स्मिथ असेल तर बाजूच्या प्लेटचे स्क्रू बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरने तपासा, आणि इजेक्टर रॉड (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा) सैल झालाय का बघा, तो उलट्या आट्यांचा आहे, नेहमीच्या दिशेने पिळून आवळायला गेलात तर आणखी सुटेल.