रुडिस्टांचे थर वाचताना या चुका टाळा

रुडिस्ट म्हणजे समुद्रतळावर वाढणारे, आता नामशेष झालेले शंकूसारखे शिंपले. ते असलेल्या क्रिटेशियस काळातल्या (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडकासमोर उभं राहिलं की तोंडात पहिला शब्द येतो 'रीफ', म्हणजे प्रवाळभित्ती. बोटाएवढे, कधी हातभर लांब शंकू एकमेकांना खेटून उभे दिसतात, मग दुसरं काय म्हणणार? माझी कळकळीची विनंती आहे, तो शब्द जरा वेळ ओठांवरच थांबवा आणि आधी शंकूंच्या मधली जागा बघा.

तिथे बहुतेक वेळा गाळच सापडतो. खऱ्या प्रवाळभित्तीत सांगाडे एकमेकांत जोडले जाऊन पक्की चौकट होते, आणि ती लाटांना तोंड देत समुद्रतळाच्या वर उभी राहते. रुडिस्ट हे शिंपले. पिल्लू एखाद्या शिंपेच्या तुकड्याला चिकटायचं, भोवती गाळ साचेल तसतसं वर वाढायचं. तळाकडचा भाग गाडलेला, झाकणाचं तोंड तेवढं वर. म्हणजे आधार गाळाचा आणि शेजाऱ्यांचा. जिली, मास आणि स्केल्टन या संशोधकांनी १९९५ मध्ये हेच ठामपणे मांडलं: रुडिस्ट हे गाळात दाटीने राहणारे जीव, रीफ बांधणारे नव्हेत. मला ते पटतं. वहीत 'रुडिस्टांचा दाट थर' असं लिहा, जाडी आणि पसारा मोजा. हा शब्दांचा कीस नाही. इराकच्या मिश्रिफ चुनखडकात तेल आहे. तिथे नकाशावर पसरट थराऐवजी उंच भिंत काढली, तर पुढची विहीर चुकीच्या जागी जाईल.

दुसरी चूक रुडिस्टाला प्रवाळ समजण्याची. शिंगासारखा आकार, आत आडवे पडदे, त्यामुळे फसगत होते. पण शिंगाच्या आकाराचे जुने, 'रुगोज' गटातले प्रवाळ पर्मियन काळाच्या शेवटी, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी संपले. ॲसिडचा थेंब इथे कामाचा नाही, फसफसतात दोन्ही. आडवा छेद शोधा. प्रवाळात मध्याकडे जाणारे पडदे चहूबाजूंनी असतात. हिप्प्युराइट या रुडिस्ट गटाच्या जाड भिंतीला मात्र एकाच बाजूला तीन घड्या आत वळलेल्या दिसतात. रेडिओलाइट हा दुसरा गट असेल तर भिंतीवर भिंग धरा: मधाच्या पोळ्यासारखे बारीक खण दिसतील. उभ्या छेदावरून जातीचं नाव ठरवायच्या फंदात पडू नका.

सगळे शंकू उभेच राहायचे हेही खरं नाही. जमैकाचा टायटॅनोसारकोलाइट्स हा रुडिस्ट तळावर आडवा पसरून वाढायचा. तेव्हा आडवा दिसला म्हणजे वादळाने लोळवला, असं लगेच धरू नका. दोन्ही पुटं (शिंपल्याचे दोन भाग) जागेवर आहेत का, कडा झिजल्यात का, ते पाहा. शिंपल्याच्या पोकळीत तळाशी गाळ आणि वर पांढरं कॅल्साइट (चुनखडकाचं मुख्य खनिज) असेल तर त्यांच्यामधली रेघ त्या वेळची सपाटी दाखवते. ती आजूबाजूच्या थरांना तिरकी असेल, तर शिंपला गाळ भरल्यानंतर हललेला आहे.

राहिला नमुन्याचा प्रश्न. शिंपेचा आतला थर अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्साइटच्याच रसायनाच्या पण कमी टिकाऊ खनिजाचा; तो विरघळून जातो आणि जागी पोकळी किंवा नवं कॅल्साइट येतं. त्या चकचकीत पांढऱ्या भागाला भुलून रासायनिक तपासणीसाठी तोच खरवडला, तर हाती येते नंतरच्या पाण्याची गोष्ट. बाहेरचा, मूळ कॅल्साइटचा थर घ्या, आणि तोही बदललेला नाही ना याची खात्री करा. ओमानच्या टोरेइट्स सांचेझी या रुडिस्टाच्या याच थरात रोजच्या वाढीच्या रेषा टिकल्या होत्या. २०२० मध्ये त्या मोजल्या गेल्या तेव्हा सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका वर्षात ३७२ दिवस निघाले, प्रत्येक दिवस साधारण साडेतेवीस तासांचा.